साडेपाच इंची जॅक

खडकगीरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या गाडीचे मागचे डावे चाक सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बसले. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचे कारण असे, की गाडीचा चालक शेषेराव सूर्यवंशी याने ती लगेच लॉगबुकात लिहिली. चाकात बाभळीचा काटा होता. हा काटा खासगी कुंपणातला की सामाजिक वनीकरणातला, याची पुढे स्वतंत्र चौकशी झाली. तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

शेषेरावाने स्टेपनी काढली, जॅक काढला, आणि गुडघे टेकून तो जॅक गाडीखाली सरकवू लागला. जॅक जाईना. आडवा घालून पाहिला, पुढून घालून पाहिला, पोटावर झोपून पाहिले. गाडीचा तळ जमिनीपासून तीन इंचांवर होता आणि जॅक होता सात इंचांचा. एकोणीस वर्षांच्या नोकरीत शेषेरावाने चिखलात, नाल्यात, एकदा तर मंत्र्यांच्या सभेच्या मांडवातसुद्धा चाक बदलले होते. पण गाडी आणि जमीन यांच्यात जॅकला जागाच नाही, असा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता.

त्यातून गाडी बसली होती ती नेमकी कार्यालयाच्या कमानीखाली. कार्यालयाला दुसरे फाटक नव्हते. त्यामुळे आतल्या गाड्या आत राहिल्या, बाहेरच्या बाहेर, आणि सर्व खातेप्रमुख अंग चोरून, गाडी आणि खांब यांच्या फटीतून, एकेक करून कामावर येऊ लागले.

गाडी निघाली होती शेंदवाडीला. शेंदवाडी हे शेषेरावाचे गाव. तिथल्या टँकरचा प्रस्ताव डिसेंबरात निघाला होता आणि एप्रिलपर्यंत त्यावर चौदा सह्या झाल्या होत्या. उरली होती फक्त जिल्हाधिकाऱ्यांची प्रत्यक्ष पाहणी, तीही येत्या शनिवारपर्यंत. शनिवार हुकला तर प्रस्ताव पुढच्या तिमाहीत जाणार होता. पुढची तिमाही म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात टँकर मागणाऱ्या गावाचे नाव यादीतून कायमचे निघते. शेंदवाडीच्या हापशाला तेव्हा पासष्ट हापसे मारले की एक घागर भरायची. हा हिशेब शेषेरावाच्या आईने, नागुबाईने, स्वतः मोजून त्याला फोनवर सांगितला होता.

आता सरकारी गाडी जमिनीला एवढी लागली कशी, हे सांगणे भाग आहे.

खडकगीर जिल्हा नवा होता. नांदेडचे दोन तालुके आणि लातूरचा दीड तालुका मिळून तो झाला. उरलेला अर्धा तालुका उपोषणाला बसला होता. जिल्हा झाल्यावर इमारत हवी, पण इमारतीला वेळ लागतो आणि जिल्हा तर ताबडतोब दिसायला पाहिजे. म्हणून आधी कमान बांधली आणि कार्यालय तात्पुरते जुन्या कापसाच्या गोदामात थाटले. कमान आठ फुटांची मंजूर झाली आणि आठ फुटांचीच बांधली गेली, ही गोष्ट बांधकाम खात्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. पुढे जिल्ह्याचे उद्घाटन तीनदा झाले, कारण जिल्हा आपणच आणला असे म्हणणारे पुढारी तीन होते. प्रत्येक उद्घाटनाला कमानीखाली नवा रस्ता झाला. मुरूम, खडी, डांबर. पुन्हा मुरूम, खडी, डांबर. कमान होती तिथेच राहिली आणि रस्ता वर आला. तिसऱ्या उद्घाटनानंतर मोजले तेव्हा मधे सहा फूट तीन इंच उरले होते.

जिल्हाधिकाऱ्यांची गाडी सहा फूट उंच होती. तिच्यावर दिवा होता सात इंचांचा.

यावर बैठक झाली. कमान पाडता येत नव्हती, कारण तिच्यावर तीन कोनशिला होत्या. रस्ता खरवडता येत नव्हता, कारण एक थर खरवडला तर प्रश्न असा, की कुणाचा. दिवा काढण्याचा विषय बैठकीत निघाला नाही. दिवा टपावर तीन नटांनी बसवलेला होता. बसवला शेषेरावानेच होता, दहा नंबरच्या पान्याने, आणि बैठकीच्या वेळी तो दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. त्याला धरून बैठकीला एकूण अठरा माणसे होती. सर्वानुमते असे ठरले, की गाडी खाली घ्यावी.

उदगीर रस्त्यावर शिवप्पाचे गॅरेज होते. लातूरहून हौशी पोरे त्याच्याकडे गाड्या घेऊन येत आणि त्या जमिनीला टेकवून नेत. सरकारी गाडी पाहून शिवप्पाला आश्चर्य वाटले.

"पोरं हौसेखातर करतेत," तो म्हणाला. "तुमी कामून करून राहिले?"

"वरून आदेश हाय," शेषेराव म्हणाला.

शिवप्पाने स्प्रिंगचे पाटे काढले, चाके लहान घातली आणि गाडी पाच इंच खाली बसवली. कागदोपत्री या कामाला 'वाहनाचे कमानीशी समायोजन' असे नाव पडले. वाहनाची उंची कमी केली असे कुठेही लिहिले नाही, कारण तसे लिहिले तर का केली ते लिहावे लागते. गाडी दिव्यासह एक इंच राखून कमानीखालून गेली तेव्हा कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभरात खातेप्रमुखांनीही आपापल्या गाड्या खाली घेतल्या. त्यांच्या गाड्यांवर दिवे नव्हते आणि त्या मुळातच बुटक्या होत्या, पण साहेबांपेक्षा उंच गाडीतून उतरणे बरे दिसत नाही. पाठोपाठ ठेकेदारांनी घेतल्या, मग डॉक्टरांनी, मग एका केळीवाल्याने अर्धापूरहून येणारा टेम्पोसुद्धा घेतला. खडकगीरमध्ये उंच गाडी दिसली की लोक ओळखत, याचे जिल्हा कार्यालयात काही चालत नाही.

असो. मंगळवारी शिवप्पाला बोलावणे गेले. तो आला, गाडीखाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "ह्याला बुटका जॅक लागतो. चाकावर चालणारा. माज्याकडं हाय, आणू का? धा मिन्टाचं काम."

हे नाझर श्रीमंतरावांना म्हटले होते. नाझर म्हणजे कार्यालयातल्या खुर्च्या, पंखे, गाड्या आणि सतरंज्या यांचा धनी. श्रीमंतराव सज्जन होते. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता आणि एकही काम केले नव्हते. या दोन गोष्टींचा संबंध त्यांना कधी जाणवला नाही.

"खासगी जॅक सरकारी गाडीखाली कसा घालणार?" ते म्हणाले. "उद्या गाडी पडली तर पडली कुणाची?"

"पडत न्हाई. तीन टनाचा हाय."

"आणि नाही पडली तर? लेखापरीक्षक विचारतील, गाडी कशाच्या आधारावर उभी होती. काय सांगू, शिवप्पाच्या?"

शिवप्पा डोके खाजवत म्हणाला, "मंग चार मानसं लावा. हातानं उचलू. नोडरी, बघा की, एकच बाजू तर हाय."

"सरकारी वाहन हाताने उचलण्याची तरतूद नाही."

"मंग इकत घ्या बुटका जॅक. पर बघून घ्या. तोंड तीन इंचाच्या खाली बसणारा पायजे, न्हाई तर शिरतच न्हाई. टायर बसलाय, तवा अडीचच धरा. वर चौदा इंच तरी उचलला पायजे. तीन टनाचा घ्या, दांडा लांब घ्या, म्हंजे बाहेर उभं राहून हापसता येतं. आन् हलका बघू नका. जड असतोय त्योच जमिनीला धरून राहतोय."

श्रीमंतरावांनी हे सगळे टिपून घेतले. शिवप्पा निघून गेला. एवढ्या वेळात आपण चार चाके बदलली असती, असे तो जाताना शेषेरावाला म्हणाला.

बुधवारी जॅक निवड समिती बसली. नवा जिल्हा असल्याने कामाचा उरक दांडगा होता, शिवाय खरेदी दुष्काळ निवारणाच्या तातडीच्या कलमाखाली होती. समितीत निवासी उपजिल्हाधिकारी, बांधकामचे उपअभियंता, कोषागार अधिकारी आणि पशुसंवर्धन अधिकारी होते. पशुसंवर्धन अधिकारी मोकळे होते म्हणून होते. जनावरे बहुतेक बाजारात गेली होती.

पहिली अडचण श्रीमंतरावांनीच मांडली. गाडी लातूरहून ताब्यात घेतली तेव्हाच्या पंचनाम्यात तिचा तळ जमिनीपासून आठ इंच असा लिहिला होता. नंतर गाडी खाली घेतल्याची नोंद नव्हती. म्हणजे कागदावर गाडी अजून आठ इंच वर होती आणि सात इंची जॅक तिच्याखाली बिनबोभाट जात होता. मग नवा जॅक कशाला, असे कुणी विचारले तर उत्तर नव्हते. समितीने दोनदा चहा मागवला. मग कोषागार अधिकाऱ्यांनी वाट काढली. त्यांनी टिपणी लिहिली: 'विद्यमान जॅक सततच्या वापराने उंच झालेला आहे.' सर्वांच्या जिवात जीव आला.

आता जॅक किती उंचीचा घ्यावा? शिवप्पा अडीच इंच म्हणत होता, पण तो समितीवर नव्हता. शेषेरावाला बोलावले.

"तीन इंच हाय, साहेब," तो म्हणाला. "टायर बसल्यामुळं अजून खाली."

"पंचनाम्यात आठ आहे."

"पंचनामा वाचून जॅक शिरत न्हाई, साहेब."

हे बोलून गेल्यावर शेषेरावालाच घाम फुटला. पण समितीने ते बोलणे मनावर घेतले नाही. कागद आठ म्हणतो, चालक तीन म्हणतो. कुणाही एकाचे ऐकले तर दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून दोहोंची सरासरी काढण्यात आली आणि साडेपाच इंच ही उंची निश्चित झाली. क्षमतेबाबत उपअभियंत्यांनी असे दाखवून दिले, की गाडीला चाके चार आणि बसले आहे एकच, तेव्हा चौपट ताकदीचा जॅक घेणे ही उधळपट्टी आहे. लांब दांडा समितीच्या खोलीत मावणार नाही म्हणून आखूड ठरला. जड जॅक शिपाई उचलणार नाहीत म्हणून हलका ठरला. शेवटी पशुसंवर्धन अधिकाऱ्यांनी, आपणही काही बोलावे म्हणून, विचारले की या जॅकला चार चाके आहेत आणि तो हलतो, तर तो वाहन ठरतो की नाही. हा मुद्दा कुणालाही खोडता आला नाही. तेव्हा जॅकसाठी स्वतंत्र लॉगबुक उघडावे आणि त्याच्या चालकाचा अतिरिक्त कार्यभार शेषेराव सूर्यवंशी यांच्याकडे द्यावा, असा ठराव होऊन बैठक संपली.

संध्याकाळी नागुबाईचा फोन आला.

"शेषा, साहेब कवा येनार हायती?"

"जॅक आला की येतेत, माय."

"त्यो कोन साहेब?"

"हाय एक," तो म्हणाला. "त्याच्याबिगर गाडी हलत न्हाई."

"मंग त्येला म्हनावं, शनवारच्या आत ये बाबा. हापसा आता सत्तरवर गेलाय."

गुरुवारी जॅक लातूरहून आला. लाल रंगाचा, चकचकीत, ठरल्याप्रमाणे साडेपाच इंची. श्रीमंतरावांनी त्याला हळदीकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि नारळाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते वाटीत धरले. टंचाईचे भान त्यांना होते. मग शेषेरावाने जॅक गाडीखाली ढकलला. तो बंपरपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"अजून ढकल," श्रीमंतराव म्हणाले.

"ढकलून काय व्हतंय? गाडीच खाली हाय."

श्रीमंतरावांनी चष्मा काढून वाकून पाहिले. आत जाऊन त्यांनी नवी टिपणी तयार केली. तिच्यात असे म्हटले होते, की खरेदी केलेला जॅक उत्तम असून तो गाडीखाली जाण्यासाठी गाडी केवळ तीन इंच उचलण्याची गरज आहे. सबब, गाडी तीन इंच उचलण्यासाठी आणखी एक जॅक घ्यावा. समितीची पुढची बैठक सोमवारी ठरली.

शेषेरावाने ती टिपणी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सोमवार आणि शनिवार यांत आधी काय येते ते त्याला कळत होते. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही. आपण जिल्हाधिकाऱ्यांची गाडी चालवतो याचा गावात माईला केवढा अभिमान, आणि आपल्याच्याने ती गाडी गावापर्यंत नेववत नाही, हे त्याला फार लागले.

शुक्रवारी दुपारी शेंदवाडीचा घागर मोर्चा आला. चाळीसेक माणसे रिकाम्या घागरी वाजवत कमानीपाशी थांबली, कारण पुढे गाडी होती. सरपंच साहेबराव निवेदन घेऊन पुढे आले. त्यांच्या मागे नागुबाई होती. तिने आधी गाडी पाहिली, मग बसलेले चाक, मग बाजूला हार घालून ठेवलेला जॅक.

"ह्योच का तुजा साहेब?" तिने विचारले.

शेषेरावाने मान हलवली. नागुबाईने घागर खाली ठेवली आणि जॅकचा दांडा धरून चार-पाच वेळा हापसला. जॅकचे तोंड हवेत वर आले.

"आपल्या हापशावानीच हाय की," ती म्हणाली. "हालवा, हालवा, वर काय येत न्हाई."

सरपंचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "शेषेराव, एवढ्यासाठी साहेब अडून बसलेत?"

"हाव."

"चाक बदललं की उद्या येतेत?"

"चाक बदललं की येतेत. मंग त्येंची सही व्हतीय पाहणीच्या कागदावर."

पुढचे फार झटपट झाले. बारा जण वाकले, त्यांत नागुबाईही होती. कुणी एक, दोन, तीनसुद्धा म्हटले नाही. गाडी वर आली, शेषेरावाने नट सोडले, चाक काढले, स्टेपनी बसवली, नट आवळले. नऊ मिनिटे लागली. गोदामाच्या खिडक्यांतून सारे कार्यालय पाहत होते आणि श्रीमंतराव पाठ फिरवून उभे होते, कारण जे पाहिले नाही त्याची टिपणी लिहावी लागत नाही. पाचव्या दिवशी कमान मोकळी झाली. माणसे आनंदाने घागरी वाजवत परत गेली. शेषेरावालाही बरे वाटले. त्याने माईला एसटीत बसवून दिले आणि उद्या साहेबांना चहा करशील का, असे विचारले. एवढे पाणी ठेवीन, असे ती म्हणाली.

शनिवारी सकाळी पाहणी निघाली. मागे साहेब, शेजारी श्रीमंतराव, टपावर दिवा. डांबरी रस्ता होता तोवर ठीक चालले. शेंदवाडीचा फाटा आला आणि तिथून दीड किलोमीटर बैलगाडीची चाकोरी. पूर्वी हीच गाडी त्या चाकोरीतून मजेत जायची. आता वीस पावले गेली आणि पोटावर बसली. फाट्यावर गावकरी स्वागताला उभेच होते.

"साहेब, इथून पायी गेलं तर पंधरा मिन्टं," शेषेराव म्हणाला.

साहेबांनी फाईलमधून डोके वर काढले आणि श्रीमंतरावांकडे पाहिले.

"पाहणी वाहनातून करायची आहे, सर," श्रीमंतराव म्हणाले. "लॉगबुकात किलोमीटर यावे लागतात."

साहेब पुन्हा फाईल वाचू लागले.

सरपंचांनी काही न विचारता धोतर खोचले. काल उचलली होती तशीच बारा जणांनी गाडी उचलली आणि चालू लागले. शंभर पावलांवर टेकवायची, दम खायचा, पुन्हा उचलायची. दुसरी बारा माणसे मधेच हात बदलायला येत, पण नागुबाईने आपला कोपरा सोडला नाही. साहेब आपल्या पोराच्या गाडीत बसून आपल्या गावात येत होते, तेव्हा धरणे तिचे काम होते. आत शेषेराव स्टिअरिंग धरून बसला होता. गाडी बंद होती, चाके हवेत होती, वळवायला काहीच नव्हते. पण चालकाने जागा सोडू नये असा नियम आहे. बाजूच्या आरशात त्याला माय दिसत होती. कपाळावरचा पदर भिजून चिकटला होता आणि तोंड उघडे होते. शेषेरावाला रडू आले. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत.

"ग्रामस्थ उत्साही आहेत," साहेब म्हणाले.

"नव्या जिल्ह्याचा उत्साह आहे, सर," श्रीमंतराव म्हणाले.

गावात पोहोचायला दोन तास लागले. साहेबांनी हापसा पाहिला, विहिरीत डोकावून पाहिले, नागुबाईच्या हातचा अर्धा कप चहा घेतला आणि साखर छान असल्याचे सांगितले. परत जाताना गाडी पुन्हा फाट्यापर्यंत आणून ठेवण्यात आली.

पाहणीचा अहवाल मंगळवारी निघाला. तो शेंदवाडीला पोचता करण्याचे काम, गाव त्याचेच असल्याने, शेषेरावाकडे आले. त्याने तो माईच्या ओट्यावर बसून, सरपंचांसमोर, वाचला:

'ज्याअर्थी शेंदवाडी येथील ग्रामस्थांनी अंदाजे सोळाशे किलो वजनाचे शासकीय वाहन दीड किलोमीटर अंतर, जाऊन-येऊन, विनासायास वाहून नेले. ज्याअर्थी त्यांत महिला व एक ज्येष्ठ नागरिक यांचाही समावेश असून अशक्तपणाची कोणतीही लक्षणे दिसून आली नाहीत. आणि ज्याअर्थी सदर प्रसंगी सर्व ग्रामस्थ घामाने निथळत असल्याचे समक्ष पाहण्यात आले, व शरीरातून एवढे पाणी बाहेर पडत असेल तर ते आत जात असलेच पाहिजे. त्याअर्थी सदर गावी पाणीटंचाई नाही. टँकरचा प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. लोकसहभागाचा आदर्श घालून दिल्याबद्दल गावाचे अभिनंदन. सोबत: नवा जॅक येईपर्यंत दर सोमवारी बारा ग्रामस्थ कार्यालयात हजर ठेवणेबाबत.'

सरपंच उठून गेले. त्यांचे ते जाणे शेषेरावाला शिव्यांपेक्षा जड गेले. चाक बदलले की साहेब येतील, असे शुक्रवारी त्यानेच सांगितले होते. नागुबाई बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. शनिवारपासून तिची कंबर सरळ होत नव्हती.

"शेषा," ती म्हणाली, "त्यो वरचा दिवा नसता, तर गाडी तशीच गेली असती का कमानीखालून? खाली न करता?"

"गेली असती, माय. चार बोटं राखून."

"मंग कामून न्हाई काढला?"

"त्ये माज्या अधिकारात न्हाई."

"पाना कुनाकडं हाय?"

दहा नंबरचा पाना शेषेरावाच्या शर्टाच्या खिशात होता. बैठकीच्या दिवशीही तिथेच होता. माईने तो पाहिला आणि ती घागर घेऊन हापशाकडे निघाली. शेषेराव तिच्या मागे गेला आणि दांडा त्याने हातात घेतला. त्र्याहत्तर हापसे लागले.

वाचकांनी शेषेरावाला फार बोल लावू नये. दिव्याचे तीन नट आपल्याला सांगून बराच वेळ झाला आहे. दिवा काढला की प्रश्न मिटतो, हे आपल्यालाही तिथेच सुचले असणार. तरीही समिती बसेपर्यंत, जॅकला नारळ फुटेपर्यंत आणि नागुबाईने गाडीचा कोपरा धरेपर्यंत आपण निवांत वाचत राहिलात, कारण मजा येत होती. त्या बैठकीला अठरा माणसे हजर होती असे वर म्हटले आहे. कार्यवृत्तात आता दुरुस्ती करून तो आकडा एकोणीस करण्यात आला आहे.